आईची करोडगिरी

तार इंग्रजीत होती. वालूरच्या पोस्टमननं आमच्या किराणा दुकानाच्या पायरीशी सायकल टेकवली आणि ती आईला मराठीत सांगितली. तार पाठवणारा माझा धाकटा भाऊ, ताश्कंदला शिकायला गेलेला. पोस्टमन म्हणाला, "व्हिसा मिळाला. दोघं येतो. इतकंच हाय, मामी."

आई सुपात शेंगदाणे पाखडत होती. तिनं ऐकलं ते असं: विसार मिळाला.

ज्यांनी आयुष्यात बैल किंवा वावर विकत घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सौदा ठरला की घेणारा विकणाऱ्याच्या हातावर थोडी रक्कम ठेवतो, तो विसार. तो एकदा दिला-घेतला की मागं फिरायचं नाही. फिरलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यामुळं आईनं जी बेरीज केली ती तिच्या बाजूनं बिनचूक होती. विसार मिळाला म्हणजे पोरानं काहीतरी विकलं. परमुलखात बसलेल्या पोराकडं विकण्यासारखं एकच होतं, ओढ्याकडचं वावर. आणि दोघं येतो म्हणजे तो गिऱ्हाईक सोबत घेऊनच यायलाय.

मी तेव्हा सेलूला नांदत होते. आईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. त्यानं मला सेलूच्या स्टँडजवळ गाठून सगळ्या उतारूंसमक्ष तो सांगितला. "बाई, तुमच्या भावानं वावर इकलं म्हणे. आईनं तातडीनं बोलवलंय." मी पोराला कडेवर घेतलं आणि त्याच गाडीनं वालूरला निघाले. वाटेत दोन अनोळखी माणसांनी मला वावराचा भाव विचारला.

घरी जाऊन तार हातात घेतली आणि मला हसू आवरेना. "आई, विसार न्हाई. व्हिसा. दुसऱ्याच्या देशात पाय ठेवायचा परवाना."

आईचा जीव भांड्यात पडला. मला पाणी पी म्हणाली, नातवाला गूळ दिला. मग सूप पुन्हा हातात घेतलं आणि नेमका तोच प्रश्न विचारला, जो तिनं विचारू नये म्हणून मी दिवाळीपासून देव पाण्यात घालून बसले होते.

"पर आपल्या पोराला आपल्याच देशात यायला परवाना कामून लागतो?"

"त्याला न्हाई लागत."

"मग कुणाला लागतो?"

"दोघं येतो म्हणलाय ना. त्यातल्या दुसऱ्याला."

"दुसरं कोण?"

"तुझी सून."

आई पाखडत राहिली. आधी फोलपटं उडाली, मग शेंगदाणेही उडायला लागले. ते माझ्या पोरानं खालून वेचून खाल्ले. बऱ्याच वेळानं तिनं हात थांबवला आणि करोडगिरी सुरू केली.

करोडगिरी हा आमच्या घरातला शब्द. निजामाच्या राज्यात सरहद्दीवरच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. ते राज्य जाऊन जमाना झाला, पण आई कुणाची उलटतपासणी घ्यायला लागली की आम्ही भावंडं एकमेकांना डोळा मारून म्हणायचो, नाक्यावर गाडी थांबली.

"कुठली हाय?"

"ताश्कंदची. उझबेक."

"हे मराठ्यात येतं का लिंगायतात?"

"कशातच येत न्हाई."

"खाती काय?"

"रोटी खाती. भात खाती. गाजरं लय खाती म्हणं."

मांसाचं मी बोलले नाही. तिनं विचारलं नाही, आणि नाक्यावर न विचारलेलं सांगायचं नसतं.

"बापाचं नाव?"

मी सांगितलं. आईनं सूप खाली ठेवलं.

"हे तर आपाच्या सासऱ्याचं नाव."

आपा म्हणजे आमच्या शेजारची पिंजारीण. तिचा नवरा कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा, आणि त्याच्या धनुकलीची तार आमच्या भिंतीपलीकडं दिवसभर वाजायची. आई आणि आपा यांचं एकमेकींवाचून पान हलत नसे. आईचा दमा उसळला की आपा तिचे पाय चोळायला यायची, तेही बाहेरच्या ओट्यावर. ईदला आपा आमच्याकडं शेवया पाठवायची, पण कोरड्या. साखर वेगळी, खोबरं वेगळं. आई त्या आपल्या हातानं शिजवायची आणि मग आम्ही मिटक्या मारत खायचो. कच्च्या शेवयांना आमच्या घरात बिनपरवाना प्रवेश होता, शिजलेल्या शेवयांना नव्हता. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. आपानं त्याचा राग धरला असेल तर तो आम्हाला कधी दिसला नाही.

"मग आपा वाईट हाय का?" मी विचारलं.

"आपा लय चांगली हाय," आई म्हणाली. "पर आपा तिच्या घरात हाय."

भिंतीपलीकडची धनुकली तेवढ्यात थांबलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी आईनं अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, पूजा केली आणि उठता उठता निकाल सांगून टाकला. पोरगा माझा आहे, त्यानं खुशाल यावं. ती बाई या उंबऱ्याच्या आत येणार नाही. सरकारनं कसलाही परवाना दिला असेल, सरकार काही या घरात भाकरी करायला येत नाही.

आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वडील गेल्यावर तिनं एकटीनं दुकान चालवलं होतं ते असल्या रेघा मारूनच. पण इकडं भावाचंही पत्र माझ्याकडं होतं. त्यानं स्पष्ट लिहिलं होतं, की आईनं हिला घरात घेतलं तर मी जिल्ह्यातच काम बघेन, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांत मला कुणीही घेईल. नाही घेतलं तर दारातूनच परत फिरेन. ताश्कंदला माझ्यासाठी नोकरी राखून ठेवलेली आहे. मग पुन्हा कधी येणं होईल ते सांगता येत नाही. मला एकच भाऊ. मी ते पत्र वाचून न्हाणीत जाऊन रडले होते आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले होते, कांदा चिरत होते. न्हाणीत कोण कांदा चिरतं, असं त्यानं विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

बाकीची पत्रं मात्र करमणुकीची होती. भाऊ तिकडं कापसाची यंत्रं शिकायला गेला होता. "कापूस काय आपल्याकडं कमी पिकतो?" असं आई विचारायची. आता त्याच्या पत्रांतून कापूस गेला होता आणि नुसते परवाने आले होते. त्याच्या बायकोच्या हातात जो पासपोर्ट होता, तो ज्या देशाचा तो देशच आदल्या हिवाळ्यात मोडला होता. पूर्वी म्हणे तिच्या गावातून आगगाडीत बसलं की समुद्रापर्यंत जावं, कुणी पासपोर्टाला हात लावत नसे. मात्र देशाबाहेर पडायचं तर आधी निघायचाच परवाना काढावा लागे. आता एकाचे अनेक देश झाले. कुठल्या देशात नुसतं जाता येतं, कुठं शिक्का लागतो, हे रोज नवीन कळायचं. पलीकडच्या गावातल्या मावशीकडं जायला कागद लागेल का, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मावशीलाही ठाऊक नव्हतं. आपल्या वकिलातीनं मात्र त्या मेलेल्या देशाच्या पासपोर्टावर जिवंत शिक्का मारून दिला होता.

देशाचं नाव बदलण्यावरून एक सांगायचं राहिलं. आमच्याकडं तेव्हा एका विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून वर्षानुवर्षं आग धुमसत होती. गावोगावी दलितांची घरं जळाली, माणसं मेली, आणि नाव अजून जिथल्या तिथंच होतं. तिकडं अख्ख्या मुलखाचं नाव बदललं आणि ती बातमी आमच्या रेडिओनं बाजारभावाच्या आधी उरकून टाकली. मी भावाला लिहिलं, तुझ्या सासरचे चार लोक आमच्याकडं पाठव, कसं करतात ते शिकवतील.

खरं तर सरहद्द ओलांडून आलेली आमच्या घरातली पहिली सून म्हणजे आईच. तिचं माहेर वाशीमकडचं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी अमलातलं. तिकडचे लोक आमच्या निजामी मुलखाला मोगलाई म्हणत. पोरगी मोगलाईत दिली म्हणून तिच्या मावश्या रडल्या होत्या. लग्न लावून बैलगाड्या इकडं निघाल्या आणि सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर अडवल्या गेल्या. ही गोष्ट आई आम्हाला इतक्या वेळा सांगायची, की मधले संवाद आम्हीच म्हणायचो. नाक्यावरचा जमादार मिशीला पीळ देत यायचा. ती मिशी आई पदराच्या टोकानं करून दाखवायची. तो विचारायचा, "गाडी में क्या माल है?" आईचे वडील हात जोडून म्हणायचे, "माल न्हाई साहेब, लेक हाय." मग त्यानं पितळेची भांडी मोजली. तुपाचा डबा हुंगला, आणि हुंगता हुंगता मिशीला तूप लागलं. इथं आम्ही गडाबडा लोळायचो.

"मग त्यानं माझी पेटी उघडली," असं म्हणून आई उठायची आणि कामाला लागायची.

"मग काय झालं?" आम्ही ओरडायचो.

"मग काय. जिंतूर आलं."

गोष्ट नेहमी तिथंच संपायची. मोठं झाल्यावरही मला वाटायचं, तिला शेवट नीट जमत नाही.

ती दोघं आली तेव्हा उन्हाळा कडक लागला होता. सेलूच्या स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेले. भाऊ वाळला होता. त्याच्यामागून ती उतरली. अंगात रंगीत रेशमी पट्ट्यांचा पायघोळ झगा, डोक्याला रुमाल, गाल उन्हानं डाळिंबासारखे झालेले. एका हातात तपकिरी रंगाची पेटी, सुतळीनं आडवी-उभी बांधलेली. मला बघून तिनं दुसरा हात छातीवर ठेवला, मान लववली आणि म्हणाली, "ओपा."

"मोठ्या बहिणीला तिकडं ओपा म्हणतात, अक्का," भाऊ म्हणाला.

ती दचकून त्याच्याकडं बघायला लागली. भाऊ मला जन्मापासून अक्का म्हणतो, आणि तिच्या भाषेत अका म्हणजे मोठा भाऊ. आपल्या नवऱ्यानं सख्ख्या बहिणीला दादा का म्हणावं, हे तिला माझ्या घरी चहा पिऊन होईपर्यंत कळलं नाही. मग मी तिला खायला काय करू म्हणून विचारलं, तर ती लाजत म्हणाली, "सब्जी." मी वांग्याची भाजी टाकली. वांगी फोडणीत पडल्यावर भाऊ सांगतो, तिकडं सब्जी म्हणजे गाजर.

पण मला त्या शब्दांनी धीर आला. बाजार, दरवाजा, मेहमान, दुनिया, दोस्त, सगळं तिच्याजवळ होतं. माझ्या मनात आलं, हिला मराठी येत नसलं तरी आपाची बोली निम्मी येते. आणि आपाची बोली आईला सगळी येते.

तेवढ्यावर मी बेत रचला. आमच्याकडं नवी नवरी घरी आली की नवऱ्या मुलाची बहीण दार अडवते. "तुमची लेक माझ्या लेकाला देणार असाल तर आत या," म्हणते. ती दोघं हो म्हणतात, बहीण दार सोडते, आणि मग सासूला भाकरीचा तुकडा ओवाळून, उंबऱ्यावर धान्याचं माप ठेवून सुनेला आत घ्यावंच लागतं. सासूला नाही म्हणायला या रीतीत जागाच ठेवलेली नाही. ज्या कुणी ही रीत घातली तिला सासवांची चांगली ओळख असणार. लग्न ताश्कंदच्या कचेरीत होऊन महिने झाले होते हे खरं, पण घरी येणं तर आजच होतं.

मी तिला माझ्या दारात उभं करून भावाच्या तोंडून तालीम दिली. मी विचारलं की काहीही न बोलता मान हलव, नाहीतर तुमच्या भाषेत बरं म्हण. तिनं मान डोलावली. मग मी कंडक्टरबरोबर आपाला निरोप धाडला, की दुपारच्या गाडीनं नवरी घेऊन येते, एक भाकर करून ठेव, आई करणार नाही. निरोप गुप्त ठेवायचा असेल तर तो कंडक्टरला सांगू नये. मला तो गुप्त ठेवायचाच नव्हता.

वालूरला उतरलो तेव्हा आमची गल्ली भरली होती. आपा तिच्या ओट्यावर ताट घेऊन उभी होती, त्यावर झाकलेली भाकर. मी त्या दोघांना दाराबाहेर थांबवलं, स्वतः दुकानातून आतल्या वाटेनं घरात शिरले. आई दाराकडं पाठ करून ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्याशी एक शब्द न बोलता पुढं गेले आणि चौकटीला दोन्ही हात लावून, बाहेर तोंड करून दारात उभी राहिले.

मागून आईचा आवाज आला. "बरं केलंस पोरी. अडव त्यायला."

मला हसू फुटणार होतं, ते दाबून मी खड्या आवाजात म्हणाले, "दार सोडते, पर एक कबूल करा. तुमची पोरगी माझ्या पोराला देताव का?"

गल्लीत आधी खसखस पिकली. माझ्या मागं सुपातली ज्वारी सळसळायची थांबली. आईला कळलं होतं, पण रीत सुरू झाली होती.

"देतो," भाऊ म्हणाला.

"आन् नवरी काय म्हणती?"

तिनं माझ्याकडं बघितलं, छातीवर हात ठेवला आणि स्वच्छ मोठ्यानं म्हणाली, "खोप."

मग एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "अगं बया, आली न्हाई तं वेगळं खोपट मागायलीय." दुसरी म्हणाली, खोपच मागती, बंगला तरी मागत न्हाई. एवढ्यात तिसरीनं आमच्या ओढ्याकडच्या वावरात खोप कुठं घालता येईल तेही सांगून टाकलं. भाऊ काहीतरी सांगू बघत होता, पण त्या गलक्यात त्याचं कुणाला ऐकू जाईना. नवरीला वाटलं आपण पाठांतर चुकलो, म्हणून तिनं आणखी जोरात पुन्हा म्हटलं, "खोप, ओपा."

तेव्हा आपा ओट्यावरून उतरली. "अरे खोप नहीं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खूब बोलरी बच्ची. खूब बोले तो बरं. बरं हाय म्हणायली ती."

गल्ली मोकळं हसली. मी दार सोडलं, एका बाजूला सरकले आणि आईकडं वळून पाहिलं.

आई उठली नव्हती. तिनं सूप मांडीवर घेतलं होतं आणि पाठ तशीच होती. रीतीनं तिनं यायला हवं होतं. ती आली नाही. माझी सगळी हुशारी त्या उंबऱ्यावर येऊन संपली होती. नवरी उन्हात उभी होती आणि एकदा माझ्याकडं, एकदा नवऱ्याकडं बघत होती. तिला भाषा येत नव्हती, पण एवढं समजायला भाषा लागत नाही.

"राहू दे अक्का," भाऊ म्हणाला. "काय ते कळालं मला." त्यानं खाली वाकून पेटी उचलली. प्रवासात झिजलेली सुतळी तुटली, मोडक्या कुलपाची कडी खडखडली, झाकण अर्धवट उघडलं आणि एक कापड बाहेर लोंबलं. नवरीनं झटकन खाली बसून ते आत कोंबलं आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिली.

आवाजानं आईनं मागं वळून पाहिलं. ती पेटीकडं बघत राहिली.

"कुलूप कुणी तोडलं?" तिनं विचारलं.

"विमानतळावर," भाऊ म्हणाला. "तपासणी होती. हिला घाईत किल्ली सापडंना, तं त्यायनं तोडलं."

"मग?"

"मग काय. समदं भाईर काढून पाहिलं."

"कापडं बी?"

"हाव."

"लोकायसमोर?"

"हाव, आई."

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि खाली बसलेल्या त्या पोरीला सरळ मराठीत विचारलं, "मग तू काय केलीस?"

भाऊ तोंड उघडायच्या आत आपानं आपल्या बोलीत तो प्रश्न पुढं पोचवला. त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण पोरीनं डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी खाली ओढला, पार डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत, आणि तशी क्षणभर बसून दाखवलं.

"मी बी," आई म्हणाली. "मी बी असाच पदर वढला. बाप जवळच हुभा होता माझा. जिंतूर येईतो काढला न्हाई."

तिच्या गोष्टीला शेवट होता. तो तिनं आम्हाला कधी सांगितला नव्हता, आणि आम्ही त्या तुपाच्या मिशीवर हसत राहिलो होतो. मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं, आणि आता कांदाही नव्हता.

आई भावाकडं वळली. "दारात देतो म्हणलास ना पोरगी अक्काच्या पोराला? चार मान्सायदेखत विसार झाला. आता माघारी जायचं न्हाई." मग माझ्यावर डाफरली, "आन् तू काय बघतीस? भाकर कुठाय?"

भाकर आपाच्या ताटात होती. आईनं हात पुढं केला. आपानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि ताट उंबऱ्यावरून दिलं. ती भाकर ओवाळून टाकायची होती, खायची नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण ती आपाच्या चुलीवर शिजलेली होती आणि आईच्या हातात आली होती.

तुकडा ओवाळून झाला. आईनं निवडलेल्या ज्वारीनं माप भरलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. मी नवरीला खुणेनं सांगितलं, पायानं लवंड आणि आत ये. तिनं मान हलवली. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मग तिनं वाकून ते माप दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि घेऊनच आत आली. एक दाणा सांडला नाही. म्हातारी म्हणाली, हे काही रीतीत बसत नाही.

"धान्याला पाय लावत न्हाई ती," आई म्हणाली. "आपणच लावताव." हे तिनं असं सांगितलं, जसं काही सून तिनंच पसंत करून आणली होती. माझ्याकडं बघून वर म्हणाली, "आता खरी मोगलाईतली आली घरात."

आत गेल्यावर आईनं आपल्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप काढलं. चांगलं जाडजूड, किल्लीला काळा दोरा बांधलेलं. ते तिनं पोरीच्या हातात दिलं. "या घरात तुझी पेटी कुणी उघडणार न्हाई," ती म्हणाली. पोरगी कुलपाकडं बघत राहिली. आईनं दाराकडं तोंड करून आवाज दिला, "आपा, सांग की गं हिला."

आपा बाहेर रस्त्यातच उभी होती. ती तिथून ओरडून काहीतरी म्हणाली, पण गल्लीच्या गलक्यात कुणालाच ऐकू आलं नाही.

"रस्त्यावरून काय वरडतीस?" आई म्हणाली. "आत ये. पोरगं कामाला गेल्यावर हिचं मला कोण सांगणार?"

आपा ओट्यावर चढली. तिनं चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. इतकी वर्षं ती तिथंच थांबायची, पाय आपोआप थांबला असणार. शिवाय दारात मी होते. सगळ्या धांदलीत मी पुन्हा चौकटीला हात लावून उभी राहिले होते आणि मला त्याचं भान नव्हतं.

आपानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेरेकू तो बेटी नहीं," ती म्हणाली, "क्या देऊं तेरेकू? बाजू हो."

मी बाजूला झाले.